लाल पट्टी

“ताई, सुरू होताच बंद काहून केलं? लावा ना थे. लय सोपं सांगते ते पोरगी,” खिचडीच्या गंजात पळी फिरवत मदतनीस कस्तुराबाई म्हणाली.

विजयमालेने फोन हजेरीपटाखाली सरकवला. “खिचडी खाली लागून राह्यली. तिकडं पाहा आधी.”

खिचडी काही लागत नव्हती. जळत होती ती विजयमाला.

केनवडच्या अंगणवाडीत तिची एकवीस वर्षं गेली होती. पर्यवेक्षिका होण्यासाठीच्या खात्याच्या परीक्षेत ती दोनदा थोडक्यात हुकली होती आणि वयाच्या अटीमुळे ही तिसरी परीक्षा शेवटची होती. जागा मोजक्या, डोळे लावून बसलेल्या पुष्कळ. तरीही अडीच वर्षांपूर्वी तिने मोठ्या मनाने फोनवर अभ्यासाचा गट काढला, त्याला ‘चिकाटी’ नाव दिलं आणि जिल्ह्यातल्या चाळीस सेविका जमवल्या. मन मोठं असायला तेव्हा काही लागत नव्हतं, कारण गटात सगळ्यांत हुशार तीच होती.

गटाची रीत ठरलेली. दिवसभरात केव्हाही एकीने प्रश्न टाकायचा आणि दुसरीने आवाजात समजावून सांगायचं. टाइप करत बसायला सवड होती कुणाला? उत्तर चुकलं तर जिला कळेल तिने लाल पट्टी टाकायची. पोरांचा दंड मोजायची फीत असते, तिचा लाल भाग म्हणजे धोका. त्याचाच तो फोटो. पट्टी आली की बोलणारीने न रुसता पुन्हा, बरोबर करून, आपल्याच आवाजात सांगायचं. सकाळपर्यंत पट्टी आली नाही तर सगळ्यांनी ते वहीत उतरवायचं. विजयमालेला आजवर एकही लाल पट्टी आली नव्हती. टाकायची कुणाची छाती होती!

आणि आठ महिन्यांपूर्वी कारंज्याची यूसरा गटात आली. कानामागून आली आणि तिखट झाली. वय तेहतीस, पुढे परीक्षा द्यायला हवी तितकी वर्षं हातात, आणि वर आवाज असा की ऐकणारीला वाटावं, शेजारी बसून भाजी निवडत सांगते आहे. आधी बायका विचारत, “विजयमालाताई, हे कसं वं?” आता विचारू लागल्या, “यूसरा कुठं हाये?” विजयमालेने स्वतःहून काही सांगितलं तर दोन अंगठे यायचे, आणि यूसरा खोकली तरी फुलांचे ढीग. विजयमाला ती फुलं मोजायची. स्वतःची लाज वाटायची, तरी मोजायची.

त्या दुपारी हजेरीपटाखाली गेलेलं रेकॉर्डिंग तिने कस्तुराबाई भांडी घासायला गेल्यावर पुन्हा कानाला लावलं. प्रश्न पोरांच्या उंचीचा होता. दोन वर्षांच्या आतलं लेकरू झोपवून मोजायचं असतं. ते उभं करून मोजलं, तर आकड्याचं काय करायचं? यूसरा म्हणत होती, “मंग त्यातून शून्य पूर्णांक सात सेंटीमीटर वजा करा लागते...”

विजयमालेने तिथेच बोट ठेवून आवाज तोडला. वजा? अगं बाई, झोपलेलं लेकरू लांब भरतं, उभं केलं की आखूड भरतं. मग मिळवायचे की वजा करायचे? कितीतरी दिवसांनी तिच्या जिवाला गार वाटलं. लाल पट्टीचा फोटो तिने काढला, त्यावर अंगठा नेला आणि तसाच ठेवला.

दुसरी कोणीतरी टाकेल की. आणि नाही टाकली तर? तर यूसराबाई पडतील तोंडावर, भर परीक्षेत. आपण थोडंच खोटं बोललो? गप्प बसलो फक्त.

पट्टी कुणीच टाकली नाही. सकाळी चाळीस वह्यांत ‘वजा’ उतरलं.

त्याच संध्याकाळी गटातल्या शिरपूरच्या रेणूचा फोन आला. “ताई, तुमी गटात बोलत काहून नाई? तब्येत बरी हाये ना?”

“यूसरा सांगते ना सगळं. माही काय गरज हाये?”

“असं काहून बोलता वं?” रेणू म्हणाली. विजयमालेने दुधाचं निमित्त करून फोन ठेवला.

परीक्षेच्या दिवशी वाशीमच्या केंद्रावर ती तासभर आधी पोहोचली. गटातल्या निम्म्या जणींना अकोला मिळालं होतं. फोन जमा करायच्या खिडकीपाशी तो पिशवीत टाकून तिने पावती घेतली आणि रांगेतल्या बाईला विचारलं, “हेच का वं दुसरी पाळी?”

पुढची बुरख्यातली बाई गर्रकन वळली. “ताई? विजयमालाताई ना? आवाजावरून वळखलं!” तिने दोन्ही हातांनी विजयमालेचा हात धरला. “मी यूसरा. कारंज्याची.”

विजयमालेला हसावं लागलं. यूसराचे हात खरखरीत होते आणि घामेजलेले होते.

“रेणूताईनं धाडलेली तुमची जुनी रेकॉर्डिंग म्या शंभरदा आयकली असतीन,” यूसरा सांगत सुटली. “रोट्या करता करता आयकत होते. थे उंचीवालं नाई का? सांगता सांगता तुमचं दूध उतू गेलं, ‘अरे देवा’ म्हनलं तुमी! माह्या पोरी आजूक हसतेत. थेच तर म्या परवा गटात सांगतलं. शेवटी इचारलं बी, ताई, हे तुमचंच हाये, चुकलं असन त लाल पट्टी टाका. तुमी आयकल्याची निळी खूण आली, पट्टी नाई आली. मंग सगळ्याईले म्हनलं, ताईनं पास केलं.”

विजयमालेला ते दूध आठवलं. ओटाभर झालेलं, आणि त्या गडबडीत घाईघाईने संपवलेलं वाक्य. वजा. तिनेच म्हटलं होतं. अडीच वर्षं ते तिच्याच आवाजात गटात पडून होतं.

“उलटं हाये थे,” ती कशीबशी म्हणाली. “मिळवा लागते. चूक माही हाये.”

यूसराने हात सोडला नाही. “मंग परवा काहून नाई बोलल्या?”

“शेवटपर्यंत आयकलंच नाई म्या.”

“जेवढं आयकलं, त्यात त ‘वजा’ होतंच ना, ताई.”

यूसराने मान वळवली आणि रांगेत पुढे-मागे असलेल्या गटातल्या तिघींना भराभर सांगितलं. विजयमाला खिडकीकडे धावली. “भाऊ, एक मिनिट फोन द्या. अकोल्याच्या बाया हायेत, त्याईले सांगा लागते.”

“फोन घेतला त आत जाता येनार नाई,” पहाऱ्यावरचा उदयसिंग म्हणाला. “गेट लावून राह्यलो. बोला.”

तिने पावतीकडे पाहिलं. एकवीस वर्षं, तिसरी परीक्षा. ती आत गेली.

प्रश्न आला. चौदावा. तिने ‘मिळवावे’वर खूण केली, आणि पुढचे चार प्रश्न तिला दोनदा वाचावे लागले.

बाहेर येऊन फोन सुरू केला तर अकोल्याहून संदेशांची रीघ लागली होती. “ताईचं शून्य पूर्णांक सात आलं वं!” “डोये झाकून वजा केलं.” “विजयमालाताई, तुमचे उपकार कसे फेडू?” आणि खाली फुलंच फुलं. इतकी फुलं तिला या आठ महिन्यांत कधी आली नव्हती.

शेजारी यूसराही तेच वाचत उभी होती. तिने काही लिहिलं नव्हतं.

विजयमाला झाडाखालच्या पारावर बसली. गट मागे मागे सरकवत गेली, तेव्हा ते दुधाचं रेकॉर्डिंग सापडलं. त्याच्याखाली तिने लाल पट्टी टाकली. मग रीतीप्रमाणे बोलायचं बटण दाबलं. “मी विजयमाला, केनवड,” तिने नेहमीसारखी सुरुवात केली, आणि उंचीचं आधी सांगितलं, मग वजा कुणी शिकवलं ते, मग चूक परवाच कळूनही आपण का गप्प बसलो तेही. आवाज दोनदा अडकला. तिने पुसून पुन्हा केलं नाही.

रेकॉर्डिंग गटात पडताच यूसराचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला आणि शेवटपर्यंत ऐकलं.