ऐंशीच्या पुढची थरथर

आधीच सांगून टाकतो, दोष टायरचा नव्हता. मी मात्र टायर टायर करत बसलो आणि त्या हट्टापायी माझा पोरगा घर सोडून गेला.

गाडी होती काचवाल्याची. जुनी पिकअप, माझ्या हाताखालून इतक्यांदा गेलेली की तिचा एकेक बोल्ट मला तोंडपाठ. काचवाला खिडक्यांची तावदानं भरून रोज हायवेने ये-जा करतो. त्या दिवशी आला तोच कपाळाला आठ्या घालून.

"मिस्त्री, ऐंशीपर्यंत गाडी झकास पळते. ऐंशीच्या पुढे काटा गेला की थरथर सुटते. मागे काचा अशा वाजतात की माझा जीव वर-खाली होतो. काल दोन तडकल्या."

"टायर," मी म्हणालो. खाली वाकूनसुद्धा बघितलं नाही.

आता ह्यातली गोम सांगतो. आदल्याच आठवड्यात आम्ही त्या गाडीचा शाफ्ट काढून त्याचे क्रॉस, म्हणजे सांध्यांतले जोड, बदलले होते. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरत जाणारा लांब लोखंडी नळा. तो दोन तुकड्यांचा असतो, एक तुकडा दुसऱ्यात सरकवून बसवायचा. उघडायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर पंचाने, म्हणजे टोकदार खिळ्याने, खूण ठोकायची आणि जोडताना खुणा समोरासमोर आणायच्या. खूण हुकली तर गावात काही कळत नाही, पण हायवेला लागलं की गाडी थरथरते. हे कोण सांगतं? मी! निदान दहा जणांना सांगितलंय, तेही शिव्या घालून. तरी माझ्या तोंडातून शब्द निघाला तो टायर.

चारही चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. तिसऱ्या दिवशी काचवाला हजर. "काडीचा फरक नाही." पुढची चाकं मागे लावली, मागची पुढे. पुन्हा हजर. तेव्हा पोरगा हळूच म्हणाला, "बाबा, स्टिअरिंग हलत नाहीये, सीट हलतेय. पुढच्या चाकांचा दोष असता तर हाताला कळला असता."

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो. पोरगा म्हणजे काही शाळकरी पोर नव्हे, तीस वर्षांचा घोडा, बायको असलेला, बारा वर्षं माझ्याबरोबर काम केलेला. पण माझ्या तोंडाला लगाम कधी नव्हताच.

शेवटी तिघं गाडीत बसून हायवेला गेलो. पोरगा चालवत होता, काचवाला मध्ये आणि मी खिडकीशी. पंच्याऐंशीला काटा टेकला आणि माझ्या तळपायांत मुंग्या आल्यागत झालं. समोरचा आरसा इतका हलायला लागला की त्यात काही दिसेना. पोराने क्लच दाबला, गाडी न्यूट्रलला टाकली, इंजिनाचा आवाज खाली बसला. थरथर तशीच.

"बघा काका," तो काचवाल्याला म्हणाला, "इंजिन आता मोकळं आहे, तरी हलतंय. म्हणजे इंजिन नाही, क्लचही नाही. जे फिरतंय ते गाडीच्या वेगाबरोबर फिरतंय." गाडी आपसूक हळू झाली, सत्तरच्या खाली सगळं शांत. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, शाफ्ट उघडून बघू या का?"

"गाडी फिरव," मी म्हणालो. शाफ्टचं नाव मला का नको होतं, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

गॅरेजात परत आलो तेव्हा बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि शेजारचा रंगवालाही गप्पा मारायला आलेला. काचवाल्याचा इतके दिवस दाबलेला राग बाहेर पडला. "मिस्त्री, तीन खेपा झाल्या! शाफ्ट तुम्ही उघडलात आणि तिथूनच हे सुरू झालं. तुमचा हात चुकला असेल तर तसं सांगा ना राव."

"माझा हात?" माझा पारा चढला. "चाळीस वर्षांत एक माणूस दाखव, जो म्हणेल की..."

"बाबांचा नाही," पोरगा मध्येच म्हणाला. फडक्याला हात पुसत उभा होता. "शाफ्ट मी जोडला होता काका. घाईत खूण बघायची राहिली असणार. चूक माझी."

खरं सांगू? मला आधी हायसं वाटलं. ते काम आम्ही दोघांनी मिळून केलं होतं, त्यातलं कुणी काय जोडलं हे मी त्या क्षणी सोयीने विसरलो. आणि मग जो काही सुटलो! अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा. बारा वर्षं काय माशा मारल्यास, माझं नाव धुळीला मिळवलंस, तुझ्यापेक्षा रस्त्यावरचा कुणी उचलून आणला असता तर शिकला असता. आता सांगतानाही कानशिलं तापतात. तो फक्त एवढंच म्हणाला, "लगेच उघडून नीट लावतो." मी म्हणालो, "ह्या गाडीला हात लावायचा नाही. माझ्या गॅरेजातल्या कुठल्याच वस्तूला लावायचा नाही. चालता हो."

घर गॅरेजच्या वरच आहे. तो वर गेला. मी रागारागात पाने घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो.

शाफ्टचे दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथे धूळ जाऊ नये म्हणून रबराची टोपी असते. ह्या गाडीच्या टोपीची पट्टी केव्हाच तुटलेली, म्हणून ती तारेने बांधतो. जो जोडेल त्यानेच बांधायची, तोवर खड्ड्यातून वर यायचं नाही, हा माझ्या गॅरेजचा कायदा. मी पक्कड लावली, तार सोडवायला हात फिरवला आणि थांबलो. मी डावखुरा. माझा पीळ डावीकडे बसतो, पोराचा उजवीकडे. ही तार डावीकडे पिळलेली होती.

अंगठ्याने चाचपलं. एका तुकड्यावरची खूण लागली. दुसऱ्यावरची तिच्यासमोर नव्हती, चांगली दोन बोटं पुढे होती.

मग सगळं आठवलं. आठवलं कसलं, विसरलोच नव्हतो. त्या दिवशी खड्ड्यात उतरलो होतो मी. दिवा डोक्यावर होता, लख्ख होता, आणि तरी मला खूण दिसली नव्हती. त्याच्या दोन महिने आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांची मधली नजर, जिने बारीक दिसतं ती, चाललीय, गेलेली परत येणार नाही. घरात मी मूग गिळून बसलो होतो. आंधळ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल? त्या दिवशी अंदाजाने दोन्ही तुकडे दाबले, टोपी चढवली आणि तार पिळून टाकली.

वरून कपाट उघडल्याचा आवाज येत होता. सूनबाई काहीतरी विचारत होती, पोरगा हळू आवाजात उत्तर देत होता. जायला बारा पायऱ्या होत्या. वर जाऊन म्हणायचं होतं, बाबा रे, मीच चुकलो. एवढंच. मी काय केलं? बोटांनी चाचपडत खुणा समोरासमोर आणल्या, शाफ्ट जोडला, आणि काचवाल्याला म्हणालो, "चला, चालवून बघू या."

गाडी त्यानेच चालवली. नव्वद, पंच्याण्णव. मी डॅशबोर्डवर तळहात ठेवून बसलो होतो. काही म्हणजे काही हललं नाही. काचवाला खूश. "वा मिस्त्री! पोराने घोळ घातला, पण बापाने निस्तरला." आणि मी मान हलवली. देवाशपथ, मी मान हलवली.

परत आलो तेव्हा वरची खोली रिकामी होती. आमची ही दारात डोळ्याला पदर लावून उभी होती.

आठ महिने गेले. पोराला दुसऱ्या गावी बसडेपोत काम लागलं. आईशी फोनवर बोलायचा, माझी चौकशी करायचा. ही म्हणायची, "अहो, एकदा बोला तरी." मी म्हणायचो, तो बोलेल आधी. रोज फोनकडे बघायचो, रोज तसाच मागे फिरायचो. गाड्याही हळूहळू कमी झाल्या, कारण मी नट शोधताना चाचपडायला लागलो होतो आणि लोक काही खुळे नसतात.

मग एक दिवस काचवाला बाकड्यावर बसून दुसऱ्या गिऱ्हाइकाला तो किस्सा रंगवून सांगायला लागला. पोराने शाफ्ट कसा जोडला, त्याच्या दोन काचा कशा गेल्या, मी पोराला कसा झापला. सगळे हसले.

"मी जोडला होता," मी म्हणालो.

"आं?"

"शाफ्ट. मी जोडला होता. मला खूण दिसली नाही. मला दिसत नाही." मी शटर ओढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडली.

डेपोत तो एका बसखाली आडवा होता. मला बघून घाईघाईने बाहेर आला, वाकून नमस्कार केला, मग त्याच्या साहेबाला म्हणाला, "हे माझे बाबा. मला सगळं ह्यांनीच शिकवलं." चहा आणला त्याने, आणि आम्ही भिंतीशी एका जुन्या सीटवर बसलो.

"तार बघितली मी," मी म्हणालो. "पीळ माझा होता."

"माहीत आहे बाबा."

"कधीपासून?"

"तुम्ही जोडत होतात तेव्हा मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो. खूण बोटांनी शोधत होतात. मला वाटलं, सापडली." मग म्हणाला, "डोळ्यांचं तेव्हाच कळलं. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो."

"मग अंगावर कशाला घेतलंस रे गाढवा?"

"चार माणसांत दुसरं काय बोलणार होतो? उद्या गाडी कोणी दिली असती तुम्हाला?" तो कपातल्या चहाकडे बघत होता. "आणि मला वाटलं, तुम्ही ओरडाल. ओरडाल, आणि मग म्हणाल, असू दे, होतं कधीतरी, काढ आणि नीट लाव."

माझे डोळे भरून आले. जे काही दिसत होतं तेही दिसेना. "घरी चल," मी म्हणालो. "गॅरेज तुझं. मी नुसता बाकड्यावर बसेन. तुझ्यापुढे हात जोडतो."

त्याने माझे हात धरून खाली घेतले. बराच वेळ धरून ठेवले.

"ती चूक माझी नव्हती म्हणून तुम्ही मला न्यायला आलात, बाबा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी आलो, आणि एखाद्या दिवशी खरंच माझ्या हातून चूक झाली, तर?"

असू दे, होतं कधीतरी, हे शब्द जिभेवर होते, पण ते म्हणायची वेळ त्या दुपारी गॅरेजात होती, आणि ती मी घालवली होती. तो वाट बघत बसला. मग डेपोचा कामाचा भोंगा वाजला.

साहेबाला विचारून तो मला स्टॉपपर्यंत हाताला धरून घेऊन आला. आईच्या गुडघ्यांचं विचारलं, डोळ्यांच्या औषधाचं विचारलं. बस आली तेव्हा नंबर त्यानेच वाचून सांगितला, कंडक्टरला माझा स्टॉप समजावला, आणि मला खिडकीपाशी बसवून कामावर परत गेला.