एकाच कमानीचं जाळं

"बाबा नाही आले घ्यायला?" विमानतळावरून गाडी बाहेर निघाल्यावर नेत्राने विचारलं.

"त्यांची चावी सापडत नाहीये," तिची आई रत्ना म्हणाली आणि काचेवर उडालेला काळा चिखल वायपरने पुसायला लागली. "आणि हे बघ, घरी गेल्यावर त्यांना प्रश्न विचारत बसू नकोस. शनिवारची गडबड आहे. आधीच डोकं तापलंय त्यांचं."

शनिवारी सेंटरिंग, म्हणजे कमानींखालचा लाकडी आधार, काढायचं होतं. त्यासाठीच नेत्रा सुट्टी टाकून बेलव्ह्यूहून आली होती. मोरेश्वरांनी तसं फर्मानच काढलं होतं: मुलगी आल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही. चारुदत्तकाका आणि वसुधाकाकूही यायचे होते. काका फोनवर म्हणाले होते, "मोऱ्या, पडलं तरी पोहे खाऊन जाणार आणि उभं राहिलं तरी पोहे खाऊनच जाणार. वहिनींना सांगून ठेव."

मोरेश्वर तरुणपणी नागपूरहून शिकायला आले आणि मिनेसोटात पुलांची डिझाइनं करता करता निवृत्त झाले. त्यानंतर ते आणि रत्ना एका टूरबरोबर जर्मनीला गेले होते. तिथल्या एका गावच्या चर्चमध्ये बाकीची मंडळी फोटो काढून आइस्क्रीम खायला गेली आणि मोरेश्वर एका बाकावर आडवे होऊन वर बघत राहिले. पंधराव्या शतकातलं छत होतं. दगडी बरगड्या चारी खांबांमधून निघून वर एकमेकींना छेदत गेल्या होत्या, जणू कोणी छताला मासे धरायचं जाळं टांगलं होतं. घरी आल्यावर त्यांनी गाडी बाहेर काढली, गॅरेजमध्ये हीटर लावला आणि तसंच एक छत बांधायला घेतलं. माणसाला वाकून खालून जाता येईल एवढं. दगडाऐवजी करवतीने कापता येणारे सच्छिद्र काँक्रीटचे हलके ठोकळे. गोंद नाही, सिमेंट नाही. ठोकळ्यावर ठोकळा नुसता टेकवायचा. घरात मात्र सगळे त्याला दगडच म्हणत.

नेत्रा गॅरेजमध्ये शिरली तेव्हा ते जाळं लाकडी खांबांवर पुरं होऊन उभं होतं. ती दारातच थांबून वर बघत राहिली.

"काय? गप्प?" मोरेश्वर म्हणाले. त्यांच्या स्वेटरवर, भुवयांवर, कानांवर पांढरी भुकटी होती. "फिजिक्सवाल्यांची बोलती बंद?"

"बाबा, हे कसलं जबरदस्त आहे! पण मला एक सांगा. प्रत्येक बरगडी वेगळ्या दिशेला जाते. मग प्रत्येकीचा गोलावा वेगळा काढायला लागला असेल ना?"

हाच प्रश्न त्यांना हवा होता. त्यांनी जमिनीवर खडूने काढलेल्या नकाशावर पाय ठेवला.

"हे जाळं, वरून बघितल्यावर दिसेल तसं. आता या कोपऱ्यातून निघ आणि बरगड्यांवरून चालत मधल्या शिखरापर्यंत जा. वाट वाकडी आहे ना? ती दोरीसारखी ताणून सरळ कर. त्या सरळ रेघेवर कंपासने एक कमान काढ. एकच. आता वाटेत जिथे जिथे बरगड्या भेटतात तिथे एक गाठ. प्रत्येक गाठ त्या कमानीवर जिथे येते तेवढी तिची उंची. तेवढ्या उंचीचा खांब खाली उभा करायचा. झालं."

"म्हणजे सगळ्या बरगड्या एकाच वर्तुळाचे तुकडे?"

"सगळ्या! म्हणून साचा एकच." त्यांनी खिळ्यावर टांगलेली एक वक्र फळी दाखवली. "त्या गवंड्यांना त्रिकोणमिती येत नव्हती गं. कंपास होता आणि अक्कल होती. मी असा बाकावर आडवा पडलो होतो तर ती रखवालदार बाई धावत आली. तिला वाटलं हार्ट अटॅक! मी म्हटलं, बाई, अटॅक आलाय, पण तो वरून आलाय."

नेत्रा खळखळून हसली. तिला किती बरं वाटलं! गेले काही महिने फोनवर बाबा फार थोडं बोलत, मध्येच फोन आईकडे देत, आणि तिच्या मनात काहीबाही येत असे. पण ज्याला ही भूमिती अशी बोटावर नाचवता येते त्याला काय झालेलं असणार? एका छताची सगळी गुंतागुंत एका त्रिज्येत बसवणं किती देखणं होतं, याचाच विचार करत तिने जमिनीवरचा नकाशा पुन्हा न्याहाळला.

"मी असा बाकावर आडवा पडलो होतो," मोरेश्वर म्हणाले, "तर ती रखवालदार बाई धावत आली. तिला वाटलं हार्ट अटॅक!"

वाक्यं तीच होती. थांबण्याच्या जागाही त्याच. नेत्रा याही वेळी हसली, पण ते हसू तिच्या स्वतःच्या कानाला खोटं लागलं.

दुपारच्या जेवणानंतर मोरेश्वर वर जाऊन झोपले आणि नेत्रा पुन्हा गॅरेजमध्ये आली. तिने खिळ्यावरचा साचा काढला आणि उत्तरेकडच्या एका बरगडीला खालून लावून पाहिला. केस जाईल एवढीही फट नव्हती. पुढची बरगडीही तशीच. मग ती दक्षिणेकडे वळली. तिथे साचा डुगडुगला. पलीकडच्या खिडकीचा उजेड दगड आणि फळी यांच्यामधून सरळ आत आला. बरगडी हवी त्यापेक्षा सपाट होती. शेजारची जास्त वाकलेली. तिसरीत तर मध्येच पोक आलं होतं.

मग हे दगड एकमेकांना इतके बेमालूम टेकले कसे? तिने एका सांध्यावर नख फिरवलं. राखाडी रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली मऊ, पांढरी पुट्टी दिसली. भिंतीतल्या भेगा बुजवतात ती.

"खरवडू नकोस," मागून रत्ना म्हणाली. ती दारात उभी होती, हातात चहाचे दोन कप. "रंग पुन्हा लावावा लागेल."

"आई, हे तू केलंयस?"

रत्नाने कप कामाच्या टेबलावर ठेवले. टेबलाच्या खणातून तिने एक कानस काढली, नेत्राला दाखवली आणि पुन्हा आत ठेवली.

"संध्याकाळी ते दगड बसवतात. बसला नाही की वैतागतात, आपटतात, मग जेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले की मी येऊन टोकं घासते. उरलेल्या फटीत हे भरते. उठल्यावर बघतात आणि म्हणतात, बघ रत्ना, बसला की नाही? मी म्हणते, बसला."

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

"आणि डॉक्टर?"

"अपॉइंटमेंट घेतली होती. कॅन्सल केली." रत्नाचा आवाज चढला. "डॉक्टर काय सांगणार ते मला ठाऊक आहे, नेत्रा. पण त्यांनी एकदा तोंडाने म्हटलं की मग घरात दुसरं काही बोलायला उरणार नाही. गाडीची चावी मीच तांदळाच्या डब्यात ठेवलीय. बिलं मी भरते. त्यांच्या नावाने मेसेज मी लिहिते. चाललंय ना?"

"पण हे नाही चालणार, आई. शनिवारी खालचे खांब सैल केले की सगळं वजन दगडातून दगडात जायला हवं. तुझी पुट्टी चेपेल. काकांच्या समोर सगळं खाली येईल."

रत्ना एकदम खुर्चीवर बसली. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. बाहेरून सांधे मिळाले की काम झालं, असं ती इतके दिवस समजत होती.

"मग तू दुरुस्त कर ना," ती हळूच म्हणाली. "तुला कळतं यातलं. ते झोपतात तेव्हा एकेक दगड नवा काप. शनिवारपर्यंत होईल?"

नेत्राने जाळ्याकडे पाहिलं. होण्यासारखं नव्हतं. आणि तरीही हो म्हणावं असं तिला वाटत होतं. तिच्या हातात साचा होता आणि आई तिच्याकडे आशेने बघत होती.

"काय दुरुस्त करायचंय?"

मोरेश्वर घराच्या दारातून आत येत होते. पायात एकच मोजा. नेत्राने साचा पाठीमागे घेतला, पण तो लपवण्याइतका लहान नव्हता. त्यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि ती उभी होती त्याच बरगडीला लावला. साचा डुगडुगला. त्यांनी पुढची पाहिली. मग तिसरी. त्यांचा चेहरा नेत्राने लहानपणी एकदा पुलाच्या कामावर पाहिला होता तसा झाला, ठेकेदाराला घाम फोडणारा.

"हे कोणी कापलं?"

"मी," रत्ना म्हणाली. "तुम्ही झोपला होतात. म्हटलं, जरा हातभार लावावा."

"हातभार? तुला कोणी सांगितलं होतं? पोळपाट लाटणं आहे का हे? साचा न लावता दगड कापायचा असतो?" ते खूप चिडले. "अगं, एकच नियम आहे या सगळ्यात. एकच! तेवढाही पाळता येत नाही?"

"चुकलं माझं," रत्ना म्हणाली.

नेत्राला आईकडे बघवेना. मोरेश्वर अजून बडबडतच होते. बडबडता बडबडता त्यांनी दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा मध्येच थांबला. करवतीचे ओरखडे डावीकडे कलले होते. मोरेश्वर डावखुरे होते, रत्ना उजव्या हाताने काम करणारी. त्यांनी उत्तरेकडे जाऊन तिथल्या चांगल्या दगडावर अंगठा फिरवला. तोच कल. ते परत आले. पुन्हा एकदा हात फिरवला. मग सांध्यातली पुट्टी नखाने काढून बोटांत चुरली आणि रत्नाकडे पाहिलं.

"एवढंच तुझं आहे," ते म्हणाले. "दगड माझे आहेत."

त्यांनी बोटांना लागलेली पुट्टी स्वेटरला पुसली.

"नेत्रा, साचा धर," ते म्हणाले. "मी खूण करतो."

त्यांनी खडू घेतला. जाळं ज्या क्रमाने बांधलं होतं त्याच क्रमाने ते निघाले: आधी उत्तरेचे दोन कोपरे, मग दक्षिणेचे, मग वर शिखराकडे. नेत्रा साचा लावी, ते वाकून फट बघत. चांगला असेल तर पुढे. नसेल तर फुली. दक्षिणेला फुल्या सुरू झाल्यावर त्यांचा हात कुठेही रेंगाळला नाही. एका दगडाला नेत्रा "चालेल" म्हणाली तर ते म्हणाले, "चालेल म्हणजे काय? फुली." आयुष्यभर त्यांनी पुलांची तपासणी अशीच केली असणार. शिखराजवळ तर चांगला दगड सापडेना.

सगळं झाल्यावर ते मागे आले आणि पहिल्या फुलीपाशी उभे राहिले.

"इथपासून," ते म्हणाले. "हा मी गणपती झाल्यावर बसवला. म्हणजे तेव्हापासून." त्यांनी मान हलवली, जणू एखादं गणित जमलं होतं. मग रत्नाकडे वळून विचारलं, "तुला कधी कळलं?"

रत्ना उठली. पहिल्या फुलीपाशी ती थांबली नाही. ती मागे मागे जात उत्तरेच्या बाजूला आली आणि एका गाठीवर तिने हात ठेवला.

नेत्राने साचा लावला. फट नव्हती. "आई, हा तर अगदी बरोबर आहे."

"दगड बरोबरच आहे गं. पण हा कापला त्या दिवशी मी जेवायला हाक मारायला आले तर हे साचा हातात घेऊन बसले होते. म्हणाले, रत्ना, थांब जरा, हा कोणत्या बाजूने धरायचा ते विसरलोय. मग आठवलं. हसले. मीही हसले." तिने पदराने नव्हे, स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. "आत जाऊन मी वरण गरम केलं. ते लागलं तळाला."

"मला यातलं काही आठवत नाही," मोरेश्वर म्हणाले.

"मला आठवतं."

त्यांनी खडू तिच्यापुढे धरला. ती फुली मारायला गेली तसे ते घाईने म्हणाले, "फुली नको. चांगला दगड आहे. नुसती रेघ मार."

तिने रेघ मारली.

"चारूला येऊ दे शनिवारी," जरा वेळाने मोरेश्वर म्हणाले. "पोहे कर. सेंटरिंग काढणार नाही, हे त्याला मी सांगतो. आणि नेत्रा, तू आहेस तोवर डॉक्टरकडे जाऊन येऊ. ते जे सांगतील ते ऐकून आईला एकटीने गाडी चालवत परत यायला नको."

त्यांनी हातोडी उचलली. खांबांखाली लाकडी पाचरी होत्या, शनिवारी ठोकून सैल करायच्या म्हणून ठेवलेल्या. ते वाकून एकेक पाचर उलट बाजूने आत घट्ट ठोकू लागले. रत्ना त्यांच्या मागोमाग चालली. कोपऱ्यातली एक पाचर झाल्यावर ते पुढे गेले, थबकले, परत आले आणि तीच पुन्हा ठोकली. ती आधीच घट्ट बसलेली होती.