टाचेवरचं माप

भर उन्हाळ्यात बाबा घरात मोजे घालून हिंडायला लागले, तेव्हाच लेकीला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. शिंपी माणूस, मशीनचं पॅडल मारायला जन्मभर अनवाणी बसलेला.

रविवारी दुपारी ते घोरत असताना तिने हळूच मोजा ओढला. टाचेवर काळा डाग, कडा वेड्यावाकड्या.

"मशीनचं तेल आहे," बाबा दचकून उठले.

"आंघोळीत जात कसं नाही?"

"मग तीळ असेल, वकीलबाई. जन्मापासूनचा."

एका दमात दोन साक्षी. लेकीचा संशय पक्का झाला. तिने भूगोलाच्या नकाशाचा ट्रेसिंग पेपर आणला, डागाची कड पेन्सिलीने गिरवली आणि खाली तारीख टाकली. बाबांनी गुदगुल्यांनी दोनदा पाय झाडला, पण गिरवू दिलं.

दीड महिन्याने तिने पुन्हा गिरवलं आणि दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. नवी रेघ जुनीच्या चांगली बाहेर गेली होती.

"जन्माचा तीळ या वयात अंग धरतो?"

"तू माप ढिलं घेतलंस," बाबा म्हणाले. "आणि डॉक्टर काय, गेलं की कापणार. कात्री हातात असली की हात शिवशिवतो. मला विचार."

"मग तुम्हीच घ्या माप."

आता पंचाईत झाली. तीस वर्षं गिऱ्हाइकांशी ते एकाच जोरावर भांडले होते: माझं माप चुकत नाही. पाय मांडीवर घेऊन त्यांनी टेप लावली. पहिल्या कागदावर लावली. पुन्हा टाचेला. मग आकडा चिठ्ठीवर लिहून मशीनवर कव्हर घातलं.

"चपला कुठे आहेत माझ्या?"

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दिव्याच्या भिंगातून टाच न्याहाळली. कोणी कापड लांबवतंय की काय, अशी बाबांची नजर त्यांच्या हातांवर. बाईंनी पट्टीने डाग मोजून आकडा लिहिला. बाबांनी मान वाकडी करून आधी त्यांच्या कागदात पाहिलं, मग खिशातल्या चिठ्ठीत. आकडा तोच.

"तुकडा काढून तपासू," बाई म्हणाल्या. "कॅन्सर असेलच असं नाही. असला, तर जितक्या लवकर कळेल तितकं बरं."

बाबांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली.

"काढा. माप नीट घेता तुम्ही."

"दुसरा पायही दाखवा."

बाबा मोजा सोडेनात. लेकीचे डोळे बारीक झाले.

"तिथे काय लपवलंय?"

"भोक आहे गं मोज्याला," ते पुटपुटले. "शिंप्याच्या."