दोन डाव्या बाह्या

“कात्री खाली ठेव. आधी दोन्ही हात उघडे करून कापडावर टेकव, प्रभूला विचार, आणि मगच काप.”

माझ्या गुरुबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण कापडासमोर उभी राहिले की हे शब्द अजून कानात येतात. कापायला मला त्यांनीच शिकवलं. हात टेकवले की चुणी कळते, विणीतला दोष कळतो, आणि आपलं मन घाईत आहे का तेही कळतं, असं त्या म्हणायच्या.

एकोणीस वर्षं मी शिवणाच्या दुकानात कापायच्या टेबलाशी उभी होते. मग मालकीणबाईंनी एक मुलगी आणली. तिशीची, जाड चष्म्याची, माझ्या दुप्पट वेगाने कापणारी. दुकानात सगळे तिला ‘नवी’च म्हणायला लागले. मालकीणबाई मला म्हणाल्या, “मावशी, तुम्ही आता बसून तुरपाई करा. पायांना आराम मिळेल.” पायांची तक्रार मी कधी केली नव्हती. माझी मोठी कात्री नवीच्या हातात गेली आणि मी खिडकीपाशी स्टुलावर.

आता माझ्या नेमाबद्दल सांगायला हवं. माझी जीभ फार वाईट. सात वर्षांपूर्वी एका सकाळी मी सख्ख्या बहिणीला असं काही बोलले की वर्षभर तिने माझ्या दारात पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून मी प्रभूजवळ नेम धरला. सकाळी एक स्तोत्र मनात वाचायचं, आणि दुपारचे बारा वाजेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दोरा हवा असेल तर बोटाने दाखवायचा. फारच अडलं तर पाटीवर खडूने लिहायचं. दुकानाला सवय झाली होती. काजं करणारे काका म्हणायचे, “हिचे बारा वाजले की आमचे बारा वाजतात.” नेम एकदाही मोडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा तोराही होता.

त्या दिवशी टेबलावर एका नवरीचं साटिन पसरलं होतं. तिच्या आईने आजारपणात हौसेने घेऊन ठेवलेलं. आई गेली, कापड राहिलं. अगदी बेताचं होतं, वीतभरही जास्त नाही, आणि तसं दुसरं आता कुठे मिळत नव्हतं. कापड कमी असलं की दुहेरी घडी घालून कापता येत नाही. एकेरी पसरून एकेक भाग आखावा लागतो. त्यात एक धोका असतो. बाहीचा कागद एकदा सुलटा ठेवायचा आणि दुसऱ्यांदा उलटा. उलटा करायला विसरलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. साटिनची चकाकी तर एकाच अंगाला, त्यामुळे कापल्यावर फिरवून लावायचीही सोय नाही.

सव्वाअकराला मी पाणी प्यायला उठले. टेबलाजवळून जाताना खडूच्या रेघा दिसल्या. दोन डाव्या बाह्या.

नवी खाली मान घालून टाचण्या लावत होती. तिला काही कळलं नव्हतं.

मी पाणी प्यायले, परत येऊन बसले, सुई उचलली. पहिला विचार मनात आला तो असा, की माझा तर नेम आहे.

किती गोड वाटला तो विचार, काय सांगू. मी काहीच करणार नव्हते. कापणार ती, फसणार ती, आणि मालकीणबाई शोधत येणार माझ्याकडे. मी मात्र स्टुलावर, हातात सुई, तोंड मिटलेलं, देवाला दिलेला शब्द पाळणारी. बाराला सांगितलं असतं की मी. अगदी ठोक्याला.

मग माझी मलाच लाज वाटली आणि मी स्वतःला आवरायला लागले. स्टूल खिडकीकडे वळवलं. स्तोत्र म्हणायला घेतलं, तर दुसऱ्या ओळीलाच मी मनाने मोठी कात्री हातात घेऊन टेबलाशी उभी होते. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथेच. मनाला जितकं दाबावं तितकं ते फुगून वर येत होतं. पाटी शेजारीच होती. खडू होता. टेबलावर नुसती टिचकी मारली असती तरी पुरलं असतं. सात वर्षं दोऱ्यासाठी खुणा करणाऱ्या माझ्या हाताला आज एक खूण सुचत नव्हती. तेव्हा उमगलं की मी नेमाच्या आड लपून बसले आहे.

टेबलावरून जड कात्री घासत उचलल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

त्यापाठोपाठ गुरुबाईंचे शब्द आले. मी सुई खोचून ठेवली आणि दोन्ही हात उघडे करून मांडीवरच्या कापडावर टेकवले. सात वर्षं मी प्रभूला सांगत आले होते, मी गप्प राहते, मी जीभ सांभाळते, मी करते. त्या दिवशी पहिल्यांदा मनात म्हटलं, ‘माझ्याने होत नाही. तिचं वाईट व्हावं असं मला वाटतंय, आणि ते मला थांबवता येत नाही. ही जीभ तुझी. नेमही तुझाच, ठेव नाहीतर मोड. आता तू बघ.’

एवढंच. उजेड पडला नाही की अंगावर काटा आला नाही. पण मी उभी होते, आणि कधी उठले ते मला आजही आठवत नाही.

“थांब,” मी म्हणाले. “कात्री खाली ठेव.”

सगळी मशीनं थांबली. काकांनी भिंतीकडे पाहिलं. “अकरा चाळीस. घड्याळ मागे पडलं, की ही पुढे गेली?”

नवीने कात्री ठेवली नाही. “टेबल सुटलं तरी नजर सुटत नाही तुमची, मावशी,” ती म्हणाली. “सकाळी तोंड उघडलंत ते माझी चूक काढायला?”

उत्तर जिभेवर तयार होतं, चांगली धार लावलेलं. एरवी ते गिळायला मला सगळा जोर लावावा लागला असता. त्या दिवशी ते आपोआप विरून गेलं.

“मला काय बोलायचं ते नंतर बोल,” मी म्हणाले. “आधी हात टेकव. असे, उघडे. आणि दोन्ही बाह्यांचा पाठीकडचा गोल कुठे येतो ते बोटाने बघ.”

तिने कात्री आपटली आणि चिडूनच हात टेकवले. बोट पहिल्या रेघेवरून फिरलं, मग दुसऱ्या रेघेवर गेलं आणि मध्येच थांबलं. दोन्ही गोल एकाच बाजूला होते. कात्री टेबलाच्या कडेशी आली होती, ती मी उचलली. माझी बोटं तिच्या कड्यांत अगदी जिथल्या तिथे बसली. क्षणभर धरली, आणि नवीच्या बाजूला सरकवून दिली.

आवाज ऐकून मालकीणबाई आतून आल्या. “काय चाललंय? मावशी, तुम्ही बोलताय?”

नवीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा खडूसारखा झाला होता. एका वाक्याचं काम होतं.

“आखलेलं तपासतोय दोघी,” मी म्हणाले. “एक बाही उलटून आखायची आहे. मग ती कापायला घेईल.”

“बरं. कापड जपा,” म्हणून त्या आत गेल्या.

खडू झटकला, कागद उलटला, पुन्हा आखलं. तिने कापलं, मी कापड धरलं. दोन्ही बाह्या समोरासमोर ठेवल्या, एक डावी, एक उजवी, प्रार्थनेला जोडलेल्या हातांसारख्या. मला हसूच आलं. टेबल तिचंच राहिलं होतं, स्टूल माझंच, आणि तरी गड सर केल्यासारखं वाटत होतं. तो कोणी सर केला हे मला पक्कं ठाऊक होतं.

“आज काही खरं नाही,” काका म्हणाले. “बाराच्या आधीच हसतेय ही.”

दुपारी नवी माझ्या स्टुलापाशी येऊन उभी राहिली.

“मालकीणबाईंना का नाही सांगितलंत?”

“सांगायचं होतं. फार सांगायचं होतं.”

“मग?”

“माझ्या हातात राहिलं नाही.”

ती थोडा वेळ चष्मा पुसत राहिली. “ते हात टेकवून बघायचं मला शिकवाल? रोज दुकान उघडायच्या आधी, सातला. किल्ली माझ्याकडे असते.”

सकाळची वेळ. माझी गप्प राहायची वेळ.

“येईन,” मी म्हणाले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, “आज नेम मोडला.”

भाजी चिरता चिरता तो थांबला. “सात वर्षं सकाळी मी चहाच्या भांड्याशी बोलतोय. आत्ता कुठे ते उत्तरं द्यायला लागलं होतं.” मग हळूच विचारलं, “वाईट वाटतंय?”

“नाही. ज्याचा होता त्याला दिला.”

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना उठले आणि स्तोत्र वाचलं. मग मांडीवर हात उघडे ठेवून विचारलं, आज बोलू की गप्प राहू, तू सांग. नवरा झोपला होता. मी खडूचा एक तुकडा पिशवीत टाकला, चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. साडेसहा झाले होते. पायरीवर बसून चपला घातल्या आणि दुकानाच्या दिशेने चालू लागले.