उपाशी तोंडाने

“आधी बसू दे गं तिला. घोटभर चहा पोटात जाऊ दे. विचारणं काय, कुठं पळून जातंय?”

कलामपीर आजीचा हा आवाज लहानपणापासून लिओकादियाच्या कानात मुक्कामाला होता. तिच्या पोलिश घरादाराला त्या वेळच्या सरकारनं हद्दपार करून कझाख मुलखातल्या या उघड्या माळावर आणून टाकलं, तेव्हा याच कझाख शेजारणीनं त्यांना आपल्या मातीच्या घरात घेतलं होतं. लिओकादिया पुढं ना नन झाली ना वकील. करागंदा शहरातल्या चर्चमधली साधी बाई ती. पण परमुलखातून पोटासाठी आलेला कुणी अडला, की ठाण्यात, कोर्टात त्याच्या शेजारी जाऊन बसायची. घरी आणलेल्या माणसाला मात्र कधी खोदून विचारायची नाही.

या खेपेला मुनव्वर होती. काकडीच्या हरितगृहात राबणारी उझबेक पोर, तापानं फणफणलेली रस्त्यावर सापडली. पासपोर्ट हरवला, म्हणाली. म्हणताना नजर जमिनीत रुतलेली. कागदांविना राहते म्हणून तिच्यावर खटला उभा राहिला. कोर्टातही तेच म्हणाली, तर देशाबाहेर रवानगी आणि सगळं प्रकरण मातीआड. फादर यानुश म्हणत होते, विचारा तिला. लिओकादिया म्हणाली, “विचारलं तर उत्तर देईल, फादर. खरं देईलच असं नाही.”

सुनावणीच्या सकाळी बाहेर कोळशानं काळवंडलेला बर्फ वितळत होता. रमजान चालू होता, पण तापातून उठलेली पोर रोजा धरणार नाही, असं धरून लिओकादियानं गरम धिरडी, साय, चहा पुढं मांडला.

मुनव्वर म्हणाली, पोटात दुखतंय. “तुम्ही घ्या ना, ओपा.” तिच्या भाषेत ओपा म्हणजे ताई.

“माझं मघाशीच झालं.”

मुनव्वरनं चुलीकडं पाहिलं, कोरड्या कपाकडं पाहिलं. “कशानं झालं? वाफेनं?”

लिओकादियाला हसू आवरेना. आज गुड फ्रायडे, तिचा कडक उपास. पाहुणीला अवघडल्यासारखं नको म्हणून लपवला होता.

“म्हणजे उपाशी तोंडानं खोटं बोललात?”

“आणि तुझ्या पोटात दुखतंय ते?”

“रोजा आहे माझा,” मुनव्वर पुटपुटली. दोघी खदखदून हसल्या, धिरडी निवत राहिली. मग मुनव्वरचं हसू मधेच विझलं. आई म्हणते, ती हळूच बोलली, खोट्यानं रोजा नासतो. लिओकादियाच्या ओठांवर प्रश्न आला होता. तिनं तो गिळला आणि मुनव्वरच्या डोक्याला आपली लोकरी शाल गुंडाळली.

कोर्टात मागच्या बाकावर मुनव्वरचा मामा इस्रोईल बसला होता, नवा कोट घालून. भाचीला घरी न्यायला आलोय, म्हणत छातीवर हात ठेवून सगळ्यांपुढं झुकत होता. घरच्या माणसाला पाहून पोरीला धीर येईल, असं लिओकादियाला वाटलं. पण पोरीनं शाल कपाळापर्यंत ओढून घेतली.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, पासपोर्ट कुठं आहे?

मुनव्वरनं मामाकडं पाहिलं. तो मायेनं मान हलवत होता, सांग बाळ, सांग. तिनं लिओकादियाकडं पाहिलं. लिओकादिया नुसती शेजारी बसून होती.

“हरवला नाही,” मुनव्वर म्हणाली. आवाज आधी फाटला, मग सरळ झाला. “या मामानं माझ्या हातून काढून मालकाला दिला. हरितगृहाला बाहेरून कुलूप असतं. आत अजून मुली आहेत.”