पातेल्यातून वाचलेली मूळपेशी

मी एक मूळपेशी बोलतेय. शिकलेली माणसं मला स्टेम सेल म्हणतात. पूर्णिमाच्या दुधातून मी बाहेर आले आणि बिबवेवाडीतल्या तिच्याच स्वयंपाकघरात मरता मरता वाचले.

पूर्णिमाचं बाळ दोन महिने आधीच आलं. वजन बाराशे ग्रॅम. ते दवाखान्यात, काचेच्या पेटीत. ती घरी पंपाने दूध काढते, नवरा तेजस ते बर्फाच्या डब्यातून पोचवतो. बाळ एका वेळी दोन चमचेच घेतं, तेही नळीने.

त्या सकाळी ओट्यावर दोन बाटल्या होत्या. मी दुसरीत. सासरे रंगनाथराव पेपर वाचत होते.

"ऐकलं का? आईच्या दुधात जिवंत पेशी असतात! उद्या त्यांच्यापासून हाड, मज्जा, काहीही बनवता येईल म्हणे. माझ्या गुडघ्याचं बघायला हवं."

मला हसू आलं. मी पुढे काय होईन, हे शास्त्रज्ञांनाही अजून नीट ठाऊक नाही. रंगनाथरावांनी मात्र माझी नेमणूकही करून टाकली.

"बघा सावकाश," म्हणत सासूबाईंनी, कौशल्याबाईंनी, पहिली बाटली पातेल्यात ओतली आणि गॅस पेटवला. रंगनाथरावांनी 'जिवंत' हा शब्द पुन्हा वाचला, तोवर माझ्या बहिणी उकळून संपल्या होत्या.

माझ्या बाटलीचं झाकण उघडलं, तेवढ्यात पूर्णिमाचा फोन वाजला. दवाखान्यातल्या उम्मेहानी सिस्टर होत्या.

"पूर्णिमाताई, कालच्या दुधाची साय नळीत अडकली. बाळ तासभर उपाशी राहिलं. दूध उकळता की काय?"

पूर्णिमाने पातेल्याकडे पाहिलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

फोन कौशल्याबाईंनी घेतला. "मग काय! कच्चं दूध कोणी लेकराला पाजतं का?"

"आजी, बाळ अंगावर पितं तेव्हा गॅस कुठे लावता?"

कौशल्याबाईंनी गॅस बंद केला. रंगनाथराव पुढे सरसावले. "सिस्टर, या पेशी गुडघ्याला..."

"आजोबा, तुमचं वजन बाराशे ग्रॅम असेल तर या. पेटी रिकामी करून देते."

पूर्णिमाने स्वतः झाकण घट्ट लावलं. "तेजस, ही आत्ताच्या आत्ता घेऊन जा. मध्ये कुठे चहाला थांबू नकोस."

आता मी नळीच्या तोंडाशी आहे. काचेबाहेर तेजसबरोबर आलेल्या कौशल्याबाई उभ्या आहेत. डोळे पुसतायत आणि सिस्टरला विचारतायत, "निदान कोमट तरी केलं का हो?"

पलीकडे बाळ ओठ हलवतंय. निघते. माझं हाड होईल, मज्जा होईल, की नुसतीच भूक भागेल, मला माहीत नाही. गुडघा होणार नाही, एवढं नक्की.