छपराखालची सहल

"पण सर, रोजच पाऊस असला तर करायचं काय?" रुचानं विचारलं.

देवीदासांनी हमूर माशाचा काटा दातांत धरून ओढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि बोट चाटलं. "अगं, पाऊसच हवा! आम्ही गेलो तेव्हा बाहेर धो धो आणि आत मजा. एवढी म्युझियम्स आहेत त्या गावांत, छत्रीसुद्धा लागत नाही. सुशांत, टीव्ही लाव, फोटोच दाखवतो."

शुक्रवारची दुपार होती. सुशांत ऑफिसात देवीदासांच्या हाताखाली होता. लग्नानंतर पहिल्यांदाच तो बायकोला, रुचाला, घेऊन दोह्यातल्या मुऐदरच्या या घरी जेवायला आला होता. येत्या जूनमध्ये दोघं जपानला जायचं म्हणत होते. मोठी शहरं सोडून, समुद्राकाठच्या लहान गावांकडे. देवीदास आणि सरोजिनी मागच्या जूनमध्ये तिथंच जाऊन आले होते.

सरोजिनी वाढत होती. कतारमध्ये आल्यापासून ती हेच करत आली होती. ऑफिसातले नवऱ्याच्या वरचे येत, खालचे येत, नाशिकचे येत. ती विचारायची, अजून थोडा भात? तिला त्याचं कधी वाईटही वाटलं नव्हतं.

टीव्हीवर ती दिसली. कोपरापर्यंत हात लगद्यात बुडवलेले, तोंडभर हसू.

"हे कागदाचं म्युझियम. आपल्या हातानं कागद करायचा. बघा कशी बसलीय, लहान पोरीसारखी. पुढचा बघ. हे मत्स्यालय. जेलीफिशचं दालनच वेगळं, काळोख नि गारेगार. अर्धा दिवस कुठं जातो कळत नाही. आणि हे जुनं नाट्यगृह. तळघरात लाकडी चाक आहे, ते माणसांनी ढकलायचं की वरचा रंगमंच फिरतो."

चाकाच्या दांड्याला हात लावून सरोजिनी हसत होती.

"काकू किती खूश दिसताहेत!" रुचा म्हणाली.

"मी ठेवली ना खूश! नाहीतर ट्रिप खलास झाली होती." देवीदासांनी रश्शात पोळी बुडवली. "दुसऱ्याच दिवशी हिच्या भाचीचा, उर्वीचा फोन. बहीण सीरियस, मावशीला पाठवा. आता त्या पावसात, आडगावातून, हिला एकटीला कुठं पाठवू? आणि सांगितलं असतं तर हॉटेलात रडत बसली असती. म्हटलं, नकोच ते. रोज सकाळी नवीन म्युझियम काढायचं. परत येईपर्यंत पत्ता लागू दिला नाही." ते हसले. त्यांच्या मिशीला रस्सा लागला होता. "याला म्हणतात मॅनेजमेंट."

सुशांतनं मान खाली घातली. रुचाचा घास हातातच राहिला.

सरोजिनीनं पळी भांड्यात ठेवली. तिचा फोन त्या सहलीत दोह्यातच राहिला होता. 'एक फोन बास झाला, तू हरवशील,' असं ते म्हणाले होते आणि तिनं ऐकलं होतं. परतल्यावर विमानतळावरच त्यांनी सांगितलं होतं, मधुताई गेली, झोपेत, अचानक.

"ताई किती दिवस होती हॉस्पिटलात?" तिनं विचारलं.

"आता कशाला ते, पाहुण्यांसमोर?"

"किती दिवस?"

"असेल चारेक दिवस."

"आणि उर्वीला काय सांगितलंत?"

"सांगितलं, मावशी फिरायला आलीय, तिला जमणार नाही. खोटं काय त्यात?"

टीव्हीवर फोटो आपोआप बदलत होते. निळ्या उजेडात सरोजिनीचे दात चमकत होते. तो चेहरा तिला बघवेना. मधुताई तिकडे हॉस्पिटलात पडली होती आणि ही बाई इकडे जेलीफिशला हात करत होती.

मग तिला दहावा आठवला. ती नाशिकला पोचली तेव्हा तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. तिला वाटलं, दुःखात आहेत. उर्वीनं चहाचा कप समोर आदळल्यासारखा ठेवला आणि एवढंच विचारलं, "जपान कसं होतं, मावशी?"

आणि तिनं उत्तर दिलं होतं. "पाऊस होता गं. पण आत बघण्यासारखं खूप होतं."

ती मोरीशी गेली, कठड्याला धरून वाकली. ओकारी आली नाही. नुसतेच उमासे येत राहिले. बाहेरून नवऱ्याच्या चावण्याचा आवाज येत होता. इतकी वर्षं तो आवाज ऐकत ती जेवत आली होती, त्याच आवाजाशेजारी झोपत आली होती.

"बघा," देवीदास पाहुण्यांना सांगत होते, "सहा महिन्यांनीसुद्धा रडतेय. म्हणूनच म्हटलं, न सांगितलेलं बरं."

ती रडत नव्हती. तिनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर आली.

"रुचा, पोटभर जेव. फ्रिजमध्ये खीर आहे, घे," ती म्हणाली.

"तू कुठं निघालीस?" देवीदासांनी विचारलं. "चहा कोण टाकणार?"

त्यांच्याकडे न बघता तिनं चपला घातल्या.

नमाज सुटला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं गाड्यांकडे परतत होती. मशिदीपलीकडच्या बंद किराणा दुकानापाशी थांबून तिनं फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उर्वीनं उचलला.

"बोल." आवाज कोरडा होता.

"उर्वी, मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"काहीच. तुझ्या काकांनी मला सांगितलंच नाही. आता, जेवताना कळलं. ताई झोपेत गेली, असं मला सांगितलं होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी गॅस बंद केला. मग उर्वीनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"मावशी, आम्ही आईला सांगितलं, तू निघालीयेस म्हणून. खोटंच सांगितलं."

सरोजिनीनं दुकानाच्या भिंतीला हात टेकला. भिंत उन्हानं तापली होती. एक गाडी हॉर्न वाजवून वळली, तिनं बाजूला होऊन वाट दिली.

"सांग मला," ती म्हणाली. "सगळं सांग. पहिल्या दिवसापासून."

"आत्ता?"

"आत्ता."

उर्वीनं श्वास घेतला. "पहिल्या दिवशी बरी होती गं. मऊ भात मागितला तिनं."